गोफणीचे गुंडे घरी वळावेत की बाजारावर पैसे घालावेत?

दादर, म्हणजे आपली रब्बी ज्वारी, पोटरीतून बाहेर आली, कणसात चीक भरू लागला की तापीकाठच्या वावरांत पोपटांचे थवे उतरतात. पोपट खातो थोडं, तोडतो फार. खाली पडलेल्या कणसांचा खच पाहून ते कळतं. मग घरोघरी एकच प्रश्न निघतो: गोफण काढून तिच्यासाठी मातीचे गुंडे, म्हणजे गोळे, वळायचे, की फटाके, चमकत्या पट्ट्या, असलं काही विकत आणायचं?

आधी हिशेब करा. तोही गुंड्यांपासून नको, राखणीपासून सुरू करा. पाखरांचा जोर सकाळी उजाडल्यावर दोन तास आणि दुपार कलल्यावर दोन तास असतो. चीक भरल्यापासून दाणा टणक होईपर्यंत २५ दिवस धरले तर १०० तास झाले, म्हणजे आठ तासांच्या रोजाने साडेबारा दिवस. रोजगार हमीचा २०२५-२६ चा ३१२ रुपयांचा दर लावला तरी ३९०० रुपये होतात, आणि त्या दराने राखणदार मिळाला तर माझ्याकडेही पाठवा! दिवसाला ६० गुंडे धरले तर हंगामाला १५०० लागतील. मिनिटाला चार या वेगाने ते सव्वासहा तासांत वळून होतात. माती चाळणं-भिजवणं धरून एक दिवस पकडा. म्हणजे दारूगोळा जवळपास फुकटच आहे, महाग आहे तो फेकणारा हात. घरात सकाळ-संध्याकाळ मोकळं कुणी असेल, तर गुंडे वळा. रोजाने माणूस लावावा लागणार असेल आणि वावर एकरभराचंच असेल, तर पट्ट्या घ्या.

आता माती. इथेच बहुतेकांची फसगत होते. आपली काळी माती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात वावराला पडलेल्या भेगा सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. नुसत्या काळीचा गुंडाही तसाच तडकतो. मी पहिल्या वर्षी शंभरेक वळले आणि तिसऱ्या दिवशी टोपल्यात ढेकळांचा चुरा उरला. पांढरीची, म्हणजे गावठाणातली पांढरट माती किंवा नदीकाठचा गाळ घ्यावा. काळीच वापरायची असेल तर तीन वाट्यांना एक वाटी बारीक रेती घाला. चाळून घ्या, खडा राहू देऊ नका. रात्रभर भिजवा आणि सकाळी कणकेसारखी तिंबा. तळहाताला चिकटत नाही इतकी घट्ट झाली की वळायला घ्या.

आकार लिंबाएवढा, साधारण चार सेंटिमीटर. वाळल्यावर असा गुंडा ५५ ते ६० ग्रॅम भरतो, त्यामुळे हंगामाला दोन गोण्या माती पुरते. सगळे सारखे वळा, कारण हाताला एका वजनाची सवय लागली की गुंडा हवा तिथे पडतो. हलका-जड माल मिसळला की एक शेजारच्या वावरात, तर दुसरा पायाशी.

वाळवताना घाई नको. दोन दिवस सावलीत, मग दोन दिवस उन्हात. थेट उन्हात टाकले तर वरचा थर आधी आकसतो आणि तडा जातो. भट्टीत भाजू तर मुळीच नका, तो दगडच होतो. खांद्याच्या उंचीवरून कडक जमिनीवर एक टाकून पाहा. दोन-तीन तुकडे झाले तर जमला. अख्खा राहिला तर रेती वाढवा, भुगा झाला तर कमी करा. फुटणं हाच मातीच्या गुंड्याचा गुण आहे. दगड वावरात साठतात, कापणीला विळ्याची धार घालवतात. गलोलीबरोबर मिळणाऱ्या लोखंडी गोळ्यांचंही तेच, वर पाखरू मरतं. पोपटाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. आपल्याला त्याला उठवायचं आहे, मारायचं नाही.

खरं तर पाखरू गुंड्यापेक्षा आवाजाला भितं. गोफणीच्या सुटणाऱ्या दोरीच्या टोकाला अंबाडीचा गोंडा ठेवा. झटका बसला की चाबकासारखा फटका वाजतो. थवा घिरट्या घालत असताना नुसता फटका पुरतो, गुंडा वाचतो. थवा बसल्यावर मात्र त्याच्या अलीकडे टाका, म्हणजे तो तुमच्या अंगावरून दुसऱ्या टोकाला न जाता वावराबाहेर निघतो. रस्ता, विजेच्या तारा आणि निंदणीच्या बाया ज्या बाजूला असतील, तिकडे गोफण फिरवायचीच नाही. माळ्यावर, म्हणजे वावरातल्या मचाणावर, एकट्यानेच उभं राहा.

विकतच्या वस्तूंत एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला चंदेरी असलेली चमकती पट्टी कामाची. पिळा देऊन, कणसांच्या जरा वर, १०-१५ फुटांच्या अंतराने ताणा. आठ-पंधरा दिवसांत पाखरं सरावतात, म्हणून दाणा धरण्याआधी लावू नका. फटाक्यांचं माझ्या मनाला पटत नाही. वाळत्या दादरीत एक ठिणगी पडली की कडबाही जातो. आणि कार्बाइडची नळीची बंदूक तर घरातही आणू नका. केळी पिकवायला ज्याला बंदी आहे तेच हे कार्बाइड. पाणी लागलं की पेटणारा वायू सुटतो. बार झाला नाही म्हणून माणूस नळीत डोकावतो आणि तेवढ्यात तो होतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात अशा बंदुकांनी शंभराहून जास्त जणांचे डोळे जखमी केले, त्यांत बहुतेक लहान मुलं.

एक गोष्ट पेरणीच्याच वेळी ठरते. शिवारात सगळ्यांची दादर एकदम भरली तर पाखरं वाटली जातात. तुमची एकट्याची आधी किंवा उशिरा भरली, तर अख्ख्या शिवाराचे पोपट तुमच्याकडेच जेवायला, आणि मग १५०० गुंडेही पुरत नाहीत.

वाळलेले गुंडे माळ्यावर गोणपाटाखाली ठेवा, पौषातलं दव त्यांना मऊ करतं. हंगाम सरल्यावर उरलेले बांधावर ओतून द्या. पहिल्या पावसात त्यांची माती होते.