जुनं छोटं चर्च बंद पडायला आलंय? कुलूप लावायच्या आधी हे करा

पुण्यातलं पंचहौदचं होली नेम चर्च किंवा क्वार्टर गेटचं १७९२चं सिटी चर्च (सवाई माधवरावांनी जागा दिलेली) यांची तशी काळजी नाही, पण जुन्या मिशन कंपाऊंडमधलं एखादं छोटं चॅपल असतं ना, जिथली तरुण मंडळी फ्लॅट घेऊन लांब गेली आणि रविवारी पुढच्या दोनच बाकांवर माणसं दिसतात, तिथे हा प्रश्न कधीतरी येतोच.

आधी जागा कोणाच्या नावावर आहे ते बघा. शहरात असेल तर सिटी सर्व्हेतून प्रॉपर्टी कार्ड काढा, कॅम्पात (कँटोन्मेंटमध्ये) असेल तर डिफेन्स इस्टेट्स ऑफिसकडचं जीएलआर, म्हणजे जनरल लँड रजिस्टर, तिथली जमिनीची नोंदवही. बऱ्याचदा मालक ट्रस्ट निघतो, म्हणून कमिटीने परस्पर कोणाला शब्द देऊ नये. आणि ट्रस्टलाही मोकळं रान नाहीये, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे जागा विकायची किंवा बिगरशेती जागा ३ वर्षांच्या वर लीजवर द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी लागते. 'मंजुरीचं मी बघतो, तुम्ही फक्त सह्या करा' असं कोणी म्हणालं की सह्या करूच नका. महापालिकेच्या हेरिटेज यादीत नाव आहे का तेही बघून घ्या.

मग रजिस्टरं. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळ्यांचे पान न पान फोटो काढा, फाटलेल्या पानाला सेलोटेप नको आणि लॅमिनेशन तर अजिबातच नको. कोणाच्या तरी पणजीच्या नावाचा तो एकमेव कागद असू शकतो हो. भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या पुसट झाल्या असतील तर खडू घासू नका, अंधार पडल्यावर टॉर्च पाटीच्या कडेला अगदी तिरका धरा, खोदलेल्या अक्षरांत सावली भरते आणि दिवसा न दिसणारी नावं सरळ वाचता येतात, तेव्हाच फोटो घ्या.

आता वापर. माझं स्पष्ट मत, पहिल्यांदा दुसरी मंडळी शोधा, तमिळ, तेलुगू, मल्याळी उपासनेला भाड्याचे हॉल शोधणारे लोक असतात, त्यांना विचारा. नाहीच जमलं तर अभ्यासिका, वाचनालय, गाण्याची तालीम. कॅथलिक असेल तर निर्णय बिशपचा, त्यांच्या चर्च कायद्यातलं कलम १२२२ म्हणतं की उपासना थांबली तरी इमारतीचा वापर अशोभनीय कामाला व्हायला नको. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टला १३व्या शतकातलं डॉमिनिकन चर्च आहे, तिथे मधल्या काळात सायकली ठेवायचे, आता पुस्तकांचं दुकान आहे आणि उंच लोखंडी मांडण्या आत उभ्या केल्यात.

आपल्याकडेही माळा किंवा रॅक करायचे तर स्वतःच्या पायावर उभे करा, जुन्या भिंतीत बीम घुसवू नका. भिंती चुन्याच्या असतील तर दुरुस्तीही चुन्यानेच, सिमेंटने गिलावा केला की ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे निघायला लागतात. वेदी, बाप्तिस्म्याचं कुंड आणि घंटा पाळकसाहेबांना विचारून, विधी करूनच हलवा, आणि ज्या चर्चला द्याल त्यांच्याकडून फोटोसकट लेखी पोचपावती घ्या.