पडवीत सात पावसाळे उभी राहिलेली स्प्लेंडर चालू करताना

बरीच वर्षं उभी असलेली मोटारसायकल चालू करायची म्हटलं की लोक आधी नवी बॅटरी आणतात. मग प्लग, मग कॉईल, मग सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा). चार-पाच हजार जातात आणि गाडी जागची हलत नाही. जुन्या किकच्या स्प्लेंडरला चालू व्हायला बॅटरी लागतच नाही, ठिणगी मॅग्नेटोवर, म्हणजे इंजिन फिरताना स्वतः तयार होणाऱ्या विजेवर, पडते. हॉर्न आणि इंडिकेटरसाठी बॅटरी शेवटी घ्या. तोवर विजेचा एक रुपयाचाही पार्ट विकत आणू नका.

माझा हा अनुभव वडिलांच्या १९९८ सालच्या हिरो होंडा स्प्लेंडरवरून सुरू झाला. ९७.२ सीसी, फोर-स्ट्रोक, कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनात सोडणाऱ्या भागाची) गाडी. चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या पडवीत ती सात पावसाळे उभी होती. नंतर नातेवाइकांच्या, शेजाऱ्यांच्या बऱ्याच गाड्या हाताखालून गेल्या. हिरो होंडाच्याच सीडी १०० आणि पॅशनचं इंजिन याच घराण्यातलं, त्यामुळे त्यांनाही हे सगळं लागू पडतं. पुरात बुडालेल्या गाडीची गोष्ट मात्र वेगळी. २०२१ च्या जुलैत आमच्याकडे कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. तशी गाडी असेल तर ऑईल काढून पाहिल्याशिवाय किकला पायही लावू नका. ऑईल दुधाळ निघालं तर आत पाणी आहे.

आधी इंजिन मोकळं आहे का ते पाहा

साइडचं कव्हर उघडून एअर फिल्टरच्या डब्यात डोकावा. कोकणात तिथे उंदराचं घर सापडतंच. आमच्या गाडीत मूठभर काथ्या आणि भाताचं तूस निघालं. किक मारली असती तर ते कार्बोरेटरमधून थेट इंजिनात गेलं असतं.

मग प्लग काढा, भोकातून दोन छोटे चमचे इंजिन ऑईल सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गाडी मेन स्टँडवर घ्या, वरचा गिअर टाका आणि मागचं चाक हाताने हळूहळू फिरवा. फिरलं तर उत्तम. अडकलं तर आणखी ऑईल सोडून दोन-तीन दिवस थांबा, रोज चाक थोडं पुढे-मागे हलवा. किकवर उभं राहून जोर लावायचा नाही, उतारावर ढकलून गिअर टाकायचा नाही. गंजून चिकटलेली रिंग अशीच तुटते आणि मग सिलिंडर उतरवावाच लागतो.

चाक फिरलं की जुनं ऑईल काढून नवं भरा. प्लग साफ करून वायरला जोडा, त्याचं अंग इंजिनाच्या धातूला टेकवा आणि किक मारून ठिणगी बघा. त्या वेळी आसपास उघडं पेट्रोल नको.

टाकी

जुन्या पेट्रोलला रंगाच्या डब्यासारखा वास येतो. ते अंगणात, चुलीपासून लांब काढा. आत गंज असेल तर संडासाचं अ‍ॅसिड ओतण्याचा सल्ला कुणीतरी देणारच. तो ऐकू नका. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं, आणि झाकणाजवळ सांडलं तर रंग गेलाच. टाकी उतरवून घ्या, पेट्रोल कॉक काढून ते भोक बंद करा, आत साधं व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून हलवा आणि एक दिवस ठेवा. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा आणि लगेच थोडं ऑईल आतून फिरवा. ओली टाकी तासाभरात पुन्हा तांबूस होते. कॉकची जाळी साफ करा. पेट्रोलची नळी मात्र नवीच घाला. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही.

कार्बोरेटर, आणि त्यातही स्लो जेट

मी दोन महिने इथेच अडकलो होतो. चोक ओढला की गाडी चालू व्हायची, चोक सोडला की बंद. रेस दिली की गुरगुरायची, सोडली की मेली. गावातल्या एका गॅरेजने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) गेलंय, पिस्टन-सिलिंडर बदला, असं सांगितलं. मी तोवर तीनदा कार्बोरेटर उघडला होता. खालची वाटी पुसली होती, मेन जेट (रेस दिल्यावर पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची पितळी नळी) साफ केला होता. स्लो जेट (रेस नसताना पेट्रोल सोडणारी तशीच नळी) उजेडासमोर धरला, आरपार उजेड दिसला, म्हणून तसाच परत बसवला. पहिली चूक ती.

स्लो जेटचं भोक अर्धा मिलिमीटरसुद्धा नसतं. पेट्रोल वाळलं की त्याच्या कडेला पिवळट, लाखेसारखा थर बसतो. भोक पूर्ण बंद होत नाही, अरुंद होतं. उजेड दिसतो, पण पेट्रोल पुरेसं येत नाही. गाडी आयडलिंगला (रेस न देता चालू) असते तेव्हा स्लाइड, म्हणजे रेस दिली की वर उचलली जाणारी झडप, जवळपास बंद असते आणि पेट्रोल येण्याचा मुख्य रस्ता हा एवढाच. चोक ओढला की हवा अडते, इंजिन दुसऱ्या वाटेनेही पेट्रोल खेचतं, म्हणून गाडी चालते. चोकवर चालणारी आणि चोक सोडताच मरणारी गाडी तुमच्याकडे असेल तर पिस्टनचं नावही काढू नका.

कार्बोरेटर पूर्ण उतरवून टेबलावर घ्या, गाडीवर असताना हे होत नाही. वाटीचे स्क्रू वर्षानुवर्षं बसलेले असतात. नेमका बसणारा स्क्रू ड्रायव्हर लावा, डोक्यावर हातोडीचा हलका ठोका द्या आणि मग फिरवा. जेट पितळेचे, मऊ असतात. खाचेपेक्षा लहान टोक वापरलंत तर खाच झिजते आणि जेट आतच राहतो. काही कार्बोरेटरमध्ये स्लो जेट दाबून बसवलेला असतो, त्याला पकडीने ओढू नका, जागेवरच साफ करा.

बाजूचा मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा आणि किती फेरे झाले ते लिहून ठेवा. आकडा नसेल तर परत बसवताना दीड फेरा बाहेर ठेवून सुरुवात करा. ओ-रिंग आणि रबरी भाग बाजूला काढल्याशिवाय स्प्रे मारू नका, रबर फुगतं.

जेटमध्ये सेफ्टी पिन घालायची नाही, स्टीलची तार घालायची नाही. भोक मोठं झालं की गाडी कायमची पेट्रोल पिणारी होते. विजेच्या वायरमधली तांब्याची एकच बारीक तार घ्या, कार्बोरेटर क्लीनरमध्ये जेट रात्रभर बुडवा आणि मग तार फिरवा. आता उजेडासमोर धरा. भोक गोल, काठ स्वच्छ दिसला पाहिजे. काठावर पिवळी कड दिसत असेल तर पुन्हा बुडवा.

जेट साफ झाला म्हणजे काम झालं असंही नाही. जेटपासून पुढे बॉडीच्या आत एक वाट जाते आणि स्लाइडजवळच्या बारीक भोकांतून बाहेर पडते. तीही तुंबलेली असते, आणि माझी खरी अडचण अखेर तिथेच निघाली. स्प्रेची नळी जेटच्या जागी टेकवा आणि पाहा. मिक्श्चरच्या स्क्रूच्या भोकातून आणि स्लाइडजवळच्या भोकांतून फवारा आला पाहिजे. डोळ्यांना चष्मा हवाच, फवारा उलटून तोंडावर येतो. येत नसेल तर पंक्चरवाल्याकडे कंप्रेसरची हवा मारून घ्या. प्रत्येक भोकातून फवारा येईपर्यंत कार्बोरेटर परत बसवू नका. स्वस्त डुप्लिकेट कार्बोरेटर आणण्यापेक्षा मूळचा दोन दिवस घासणं मला नेहमी परवडलं आहे.

वाटीतलं पेट्रोल ठरावीक पातळीवर थांबवणाऱ्या फ्लोटच्या सुईच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर सुई बदला. नाहीतर पेट्रोल ओव्हरफ्लो होतं, कधी इंजिनात उतरून ऑईलमध्ये मिसळतं. ऑईलला पेट्रोलचा वास आला तर ते फेकून नवं भरा.

चालू करणं

पहिल्यांदा टाकी जोडू नका. छोट्या बाटलीत नवं पेट्रोल घेऊन सलाईनसारखी वर टांगा आणि नळी कार्बोरेटरला लावा. चोक ओढा, किक मारा. सुरुवातीला पांढरा धूर निघेल, तो प्लगच्या भोकातून सोडलेल्या ऑईलचा. गाडी थोडी गरम झाली की चोक सोडा, दहा मिनिटं चालू दिल्यावर मिक्श्चरचा स्क्रू अर्ध्या फेऱ्याने इकडेतिकडे फिरवून इंजिन सगळ्यात जोरात चालेल तिथे ठेवा, मग आयडलिंग खाली आणा.

रस्त्यावर नेण्याआधी ब्रेकचे ड्रम उघडा. लायनर सुटून आलेलं असू शकतं. टायरवर नक्षी शिल्लक असली तरी बाजूचे चार आकडे वाचा. १४१२ म्हणजे २०१२ चा चौदावा आठवडा. एवढा जुना टायर ओल्या रस्त्यावर धरत नाही. दोन्ही बदला, २.७५-१८ मापाचे सहज मिळतात. चेन धुऊन ऑईल लावा. दोन-तीनशे किलोमीटरनंतर इंजिन ऑईल पुन्हा बदला, आतली घाण तेव्हा सुटून आलेली असते.

कागदपत्रं विसरू नका. १५ वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण लागतं, महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर असतो. शिवाय विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट.

आमची स्प्लेंडर आता दर आठवड्याला बाजारात जाते. गाडी पंधरा दिवसांपेक्षा जास्त उभी राहणार असेल तेव्हा मी कॉक बंद करतो आणि वाटीखालचा स्क्रू सैल करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल काढून टाकतो. दोन मिनिटं लागतात.