पॅरी ओब्रायनची पाठमोरी गोळाफेक: पाय कुठे, गोळा कुठे

अमेरिकेच्या पॅरी ओब्रायनने हेलसिंकी १९५२ (१७.४१ मीटर) आणि मेलबर्न १९५६ (१८.५७ मीटर) अशी लागोपाठ दोन ऑलिम्पिक सुवर्णपदकं जिंकली. मधल्या काळात, १९५४ मध्ये, ६० फूट ओलांडणारा तो पहिला. त्याआधी खेळाडू फेकीच्या दिशेला बाजू करून उभे राहत. याने सरळ पाठ फिरवली. ९० ऐवजी १८० अंश वळण, म्हणजे गोळ्यावर जोर लावायला जास्त वाट.

उजव्या हाताने फेकणाऱ्यांसाठी कृती अशी. गोळा तळहातात नको, बोटांच्या मुळाशी हवा. अंगठा आणि करंगळी नुसत्या टेकूला. गोळा जबड्याखाली मानेला चिकटवा, कोपर बाहेर. २.१३५ मीटरच्या वर्तुळात मागच्या कडेला पाठमोरे उभे राहा, भार उजव्या पायावर, धड खाली वाकलेलं.

आता सरक, म्हणजे वर्तुळात मागून पुढे पाठमोरं घसरत जाणं. डावा पाय स्टॉप बोर्डाच्या (वर्तुळाच्या पुढच्या कडेवरची उंच पट्टी) दिशेने खालून झटका. उजव्या पायाची टाच जमिनीवरून सर्वांत शेवटी सुटते. लगेच तो पाय कमरेखाली खेचून वर्तुळाच्या मध्याशी टेकवा, पंजा डावीकडे वळवूनच. डावा पाय जवळपास त्याच क्षणी बोर्डापाशी पडला पाहिजे. तो उशिरा आला की सरकेतला सगळा वेग वाया जातो. यावेळी खांदे मात्र अजून मागेच. नवशिक्यांचं गाडं इथेच अडतं: उत्साहात मान वळते, मानेमागून खांदा, आणि मग उरते फक्त हाताची ताकद. नजर मागच्या एखाद्या खुणेवर रोखून ठेवली की हे टळतं.

मग उजवी टाच, गुडघा, कंबर, छाती, हात, याच क्रमाने फेकीच्या दिशेला वळवत गोळा ढकला. कोपर गोळ्याच्या खाली घसरलं, की गोळा चेंडूसारखा भिरकावला जातो; बोटं आणि कोपर दुखावतात, शिवाय गोळा खांद्यांच्या रेषेमागे गेला तर फाऊल.

सरकताना उडी मारू नका. डोकं वर-खाली होत असेल तर उडीच होतेय. फेकीनंतर पाय अदलाबदल करून तोल सावरा. बोर्डाच्या आतल्या बाजूला पाय टेकला तर चालतं, वरच्या बाजूला नाही. गोळा पडेपर्यंत आतच थांबा, बाहेर पडा ते मागच्या अर्ध्या भागातून.

पुरुषांचा गोळा ७.२६ किलोचा, महिलांचा ४. पण सरक बसेपर्यंत हातात काहीच नसलेलं बरं.