प्रत्येक शब्दाला जन्मसाल हवं: कल्पित सेमिटिक भाषा रचणाऱ्या नवख्यांसाठी

ठाण्यातल्या सिनेगॉगचं नाव 'शआर हशामायिम', म्हणजे स्वर्गाचं दार. मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायल या ज्यू समाजाने ते 1879 मध्ये बांधलं. आजच्या काळात बोलली जाणारी एखादी सेमिटिक (हिब्रू, अरबी, अरामी यांच्या कुळातली) भाषा स्वतः रचायची असेल, तर पहिला धडा या नावातच आहे. 'शआर' म्हणजे दार आणि 'शामायिम' म्हणजे आकाश (मधला 'ह' हे नुसतं उपपद). दोन्ही शब्द 'श'ने सुरू होतात, पण ते दोन 'श' एका घरातले नाहीत. आकाशाला अरबीत 'समा' म्हणतात, तिथे 'स' आहे. दाराचा अरबी भाऊबंद मात्र 'थग़्र', म्हणजे फट किंवा उघडी जागा. अरामीत तोच 'तरआ'. मूळ सेमिटिकमध्ये हे दोन वेगळे ध्वनी होते. हिब्रूत ते मिसळून गेले, अरबी-अरामीत वेगळे राहिले.

नवखे बहुतेक वेळा इथेच घसरतात. हिब्रू आणि अरबी कोशांतून आवडलेले शब्द उचलायचे, स्वर थोडे वाकवायचे आणि यादी वाढवत न्यायची, असं केलं की खिचडी होते. दोनशे शब्दांनंतर कुठला 'श' कुठून आला हे रचणाऱ्यालाही सांगता येत नाही. म्हणून शब्दांआधी एक पान इतिहास लिहा: लोक कुठून निघाले, कुठे वसले, शेजारी कोण होते आणि कोणत्या शतकात कोणता ध्वनी बदलला.

समजा, अरामीच्या जवळची बोली बोलणारे व्यापारी 900 च्या सुमारास ठाण्याच्या खाडीकाठी वसले. हे पूर्ण कल्पित आहे, पण आजूबाजूच्या तारखा खऱ्या ठेवता येतात: सोळाव्या शतकातला पोर्तुगीज अंमल, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतलेलं ठाणं, आणि 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला आलेली पहिली प्रवासी गाडी. ध्वनिबदल पाच-सहाच पुरेत. जुना 'थ' जाऊन 'त' होतो, त्यामुळे बैल 'तोर' (अरबी 'थौर', हिब्रू 'शोर'). मराठीच्या शेजारामुळे जाड 'त' (घसा आवळून उच्चारलेला) मूर्धन्य 'ट' होतो. 'क़' साधा 'क' होतो. 1400 च्या सुमारास घशातला 'ऐन' गळतो आणि आधीचा स्वर लांबतो. प्रत्येक बदलाला क्रमांक आणि शतक द्या.

याचा फायदा लगेच दिसतो. 1200 मध्ये अरब खलाशांकडून आलेला 'शाइर' (मध्ये ऐन) पुढे झिजून 'शैर' होईल. पण मराठीने याच अरबी शब्दातल्या ऐनचा 'ह' करून 'शाहीर' केला. तो 1737 नंतर आपल्या कल्पित भाषेत आला तर 'शाहीर'च राहील, कारण ऐन गळण्याचा नियम तोवर थांबलेला आहे. एकाच शब्दाची दोन रूपं, अर्थही दोन: 'शैर' म्हणजे जुना स्तोत्र रचणारा, 'शाहीर' म्हणजे डफावर गाणारा. मराठी माणसाला हे नवं नाही. 'चक्र' आणि 'चाक', 'क्षेत्र' आणि 'शेत' यांचंही असंच आहे. तत्सम-तद्भवाची शाळेतली शिकवण इथे थेट कामाला येते.

आता धातू. संस्कृत धातूत स्वर असतो. सेमिटिक धातू म्हणजे बहुधा तीन नुसती व्यंजनं. ती एका साच्यात ओतली की शब्द होतो. त्या साच्याला अरबी व्याकरणात 'वज़्न' म्हणतात, आपलं 'वजन' तेच. ही यंत्रणा समजायला अरबी शिकण्याआधी आपलीच जुनी कारभारी मराठी पुरते. ह-स-ल वरून हासिल, महसूल, तहसील. ज-म-ऐन वरून जमा, जमात, मुजुमदार. न-ज़-र वरून नजर आणि मंजूर. तहसील कचेरीतल्या एका अर्जात असे दहा-बारा शब्द सहज सापडतात. ते धातूंनुसार मांडून पाहा, एका संध्याकाळीत वजनं कळू लागतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती 1857) अरबी, फारसी, संस्कृत मुळांच्या खुणा शब्दापुढेच आहेत. 1893 पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जुने कोश आणि माधवराव पटवर्धनांचा 1925 चा फार्शी-मराठी कोश यांची चौकशी जरूर करा.

पण सारखेपणाला भुलू नका. 'आसमान' हा 'समा'चा नातलग वाटतो, तो नाही. तो इराणी शब्द आहे, त्याचं नातं संस्कृत 'अश्मन्'शी. 'दफ्तर' अरबीतून आला, तरी मुळात ग्रीक. नातं ठरतं ते ध्वनींच्या नियमित जुळणीवरून. 'हिशेब' घ्या: अरबी ह-स-ब, हिब्रू ह-श-ब. 'समा–शामायिम'सारखीच स–श ची जोडी, म्हणून नातं पक्कं. याच धातूवरून आजच्या हिब्रूत (तिथे हा 'ह' 'ख'सारखा उच्चारतात) बिलाला 'खेश्बोन' आणि संगणकाला 'मख्शेव' म्हणतात. अरबीत संगणकाला 'हासूब' हा शब्द आहे.

नवे धातू करताना संगणकाला वाटेल ती तीन व्यंजनं उचलायला सांगू नका. सेमिटिक धातूत पहिली दोन व्यंजनं सारखी नसतात आणि एकाच उच्चारस्थानाची तर क्वचितच; ब-म-र किंवा त-ट-ल असा धातू त्या भाषांच्या जाणकाराला लगेच खटकतो. दुसरं-तिसरं सारखं चालतं, म-द-द. भाषाशास्त्रज्ञ जोसेफ ग्रीनबर्ग यांनी 1950 मध्ये अरबी धातू मोजून ही मांडणी दाखवली. आणि 'व', 'य' असलेले दुबळे धातू टाळू नका. आपला 'कौल' क़-व-ल वरून आला, त्यात 'व' औच्या रूपाने दिसतो. 'तो म्हणाला' म्हणताना अरबी 'क़ाल' करते आणि 'व' नाहीसा होतो. दर दहा धातूंत दोन-तीन तरी असे ठेवा. सगळेच धातू धडधाकट असले की भाषा कारखान्यातून आल्यासारखी वाटते.

सुरुवातीला 60 धातू आणि 8 वजनं घ्या. गुणाकार 480 चा होतो, पण भरायचे साधारण 200. खऱ्या भाषेत प्रत्येक धातू प्रत्येक वजनात जात नाही, आणि गेला तरी अर्थ सरळ राहत नाही. र-क-ब म्हणजे स्वार होणं, पण अरबीत 'मर्कब' म्हणजे जहाज, होडी. खाडीकाठच्या लोकांत 'मर्कब' होडीनेच अडवला असेल, तर 1853 नंतर रेल्वेसाठी दुसरी सोय हवी. अरबीने उंटांच्या रांगेचा 'क़ितार' आगगाडीला दिला, आपली 'कतार' तीच. हिब्रूने र-क-ब वरूनच 'रकेवेत' केला. इथिओपियातल्या अम्हारिकने 'बाबुर' हा शब्द बाहेरून उसना घेतला. आपले लोक कुठल्या वळणाचे आहेत, ते ठरवा. मात्र या शब्दावर 1400 चा कुठलाही ध्वनिबदल दिसता कामा नये.

उसने शब्द नुसते चिकटवून ठेवू नका, पचवा. माल्टीज ही आजची सेमिटिक भाषा. तिचा निम्म्याच्या आसपास शब्दसंग्रह सिसिलियन-इटालियन असूनही ती 'काश्शा' (पेटी) चं अनेकवचन सेमिटिक पद्धतीने 'काशेश' करते. हिब्रूत टेलिफोनवरून 'तिल्पेन', फोन करणे. तसं आपल्या कल्पित भाषेत 'तिकीट'वरून त-क-ट धातू आणि 'तक्केट', तिकीट काढणे. इथे एक सुंदर गोष्ट घडते: 'त' आणि 'ट' एका धातूत सहसा येत नाहीत, त्यामुळे हा धातू परका आहे हे त्याच्या अंगावरच दिसतं. हा दोष दुरुस्त करू नका.

तक्त्यात रकाने ठेवा: शब्द, धातू, वजन, थर (जुना, अरबी, पोर्तुगीज की मराठी), शतक, आधीचा अर्थ, आताचा अर्थ, लागलेल्या नियमांचे क्रमांक. शतकाचा रकाना रिकामा असलेला शब्द यादीत घेऊ नका. देवनागरीत टाइप करताना एक काळजी घ्या: 'क़' दोन प्रकारे साठतो, एक अखंड अक्षर म्हणून किंवा 'क' अधिक नुक्ता (खालचं टिंब) म्हणून. दिसायला सारखेच, पण शोधताना अर्धे शब्द सापडत नाहीत. पहिल्याच दिवशी 'क' अधिक नुक्ता ठरवा आणि सगळीकडे तेच पाळा.

दोनशे शब्द झाले की वीस निवडा, थर आणि शतक झाकून मित्राला द्या, सोबत फक्त ध्वनिनियमांचं पान. त्याने जुने, अरबी, पोर्तुगीज, मराठी असे गठ्ठे करावेत. चौदा-पंधरा बरोबर आले तर काम नीट आहे. विसाच्या वीस आले तर थर एकमेकांत पुरेसे मुरलेले नाहीत. झिजलेले, अर्थ बदललेले शब्द वाढवा. दहाच्या खाली गेले तर नियमांचा क्रम तपासा. बहुतेकदा एखादा उशिरा आलेला शब्द चुकून जुन्या नियमातून गेलेला असतो.