पांढरी काठी, फूटपाथ आणि चौक

डोळ्यांनी दिसत नसेल तर वाट चाचपायची पांढरी काठी आधी मापाची घ्या. सरळ उभं राहिल्यावर तिचं वरचं टोक छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत यायला हवं. झपझप चालणाऱ्याला २-३ इंच जास्त. आखूड काठीने खड्डा कळेपर्यंत पाऊल त्यात गेलेलं असतं.

मूठ पोटासमोर मध्यावर ठेवा आणि हात न हलवता मनगटातून काठी डावी-उजवी फिरवा, खांद्यांच्या दोन्ही बाजूंना २-२ इंच जास्त. डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे टेकलेलं हवं, कारण पुढचं पाऊल तिथेच पडणार. टोक इंचभराहून वर उचलू नका, नाहीतर फुटलेल्या चेंबरची कड निसटते. पेव्हर ब्लॉक उखडलेल्या जागी टोक फटीत अडकून मूठ पोटात बसते. तिथे पकड सैल करा, हात जरा कुशीकडे घ्या.

कमरेच्या वरचं काठीला काही कळत नाही. टेम्पोचा उघडा फाळका, टपरीच्या पत्र्याची कड हे डोक्यालाच लागतं. अशा ठिकाणी मोकळ्या हाताचं कोपर वाकवून तो चेहऱ्यासमोर आडवा धरा, तळवा बाहेर.

फूटपाथवरच्या पिवळ्या फरशांवर पायाला आणि काठीला लागणाऱ्या लांब पट्ट्या म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. १९६७ साली जपानमधल्या ओकायामात त्या पहिल्यांदा बसवल्या गेल्या. आपल्याकडे त्या कधी झाडापाशी, कधी थेट विजेच्या डीपीवर जाऊन संपतात, म्हणून त्यांच्यावरही काठी फिरवत राहा.

सिग्नलच्या चौकात लगेच उतरू नका. एक पूर्ण फेरा नुसता ऐका. समोरून आडवी जाणारी वाहनं थांबली आणि तुमच्या शेजारून, तुमच्याच दिशेची वाहनं सुटली, की निघा. नुसत्या शांततेवर मात्र भरवसा नको: इलेक्ट्रिक स्कूटरचा आवाज येत नाही, उलट्या दिशेने घुसणारे तर असतातच. सुटलेल्या वाहनांतलं एखादं वळून तुमच्या वाटेत येतं, तेव्हा काठी आधी पुढे दिसू द्या, मग पाऊल. निम्म्यात दुभाजक लागला तर तिथे थांबून पुन्हा ऐका. जवळ जनरेटर किंवा बँड वाजत असेल तर मदत मागा. तेव्हा कान उपयोगाचे नाहीत.

मदत करणाऱ्यांनी दंडाला धरून ढकलू नये. आधी विचारा, मग आपलं कोपर पुढे करा. ती व्यक्ती ते धरून अर्धं पाऊल मागे चालेल. पायरी आली की ‘चढायचंय’ की ‘उतरायचंय’ ते सांगा, नुसतं ‘सांभाळून’ म्हणून काहीच कळत नाही. पलीकडे पोचल्यावर तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगूनच हात सोडा.