साखर खाऊन मूल चेकाळतं का? आणि घरातली साखर कमी कशी करायची

बर्थडेवरून आलेलं चार वर्षांचं पोर रात्री दहा वाजता सोफ्यावरून उड्या मारतंय, झोपायचं नाव नाही, आणि घरातलं कोणीतरी म्हणतंच की एवढा केक खाल्ला ना, साखर चढलीये त्याला. पण यावर नीट प्रयोग झालेत. 1995 साली अमेरिकेत 23 प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, ज्यात मुलांना कधी साखर आणि कधी साखरेसारखं गोड लागणारं दुसरं काहीतरी दिलं होतं आणि काय दिलंय ते मुलांनाही माहीत नव्हतं, आई-बाबांनाही नाही. वागण्यात फरक दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग तर आपण सगळ्यांनीच लक्षात ठेवावा असा आहे, 5 ते 7 वर्षांची मुलं, एकालाही साखर दिली नव्हती, पण अर्ध्या आयांना सांगितलं की तुमच्या मुलाला साखर दिलीये, तर त्या आयांना आपलं मूल जास्त दंगेखोर वाटलं आणि त्या त्याच्या मागेमागे राहून जास्त टोकत होत्या.

मग पार्टीनंतर होतं काय? दुपारची झोप बुडालेली असते, वीस पोरं, मोठ्या आवाजात गाणी, जेवण धड नाही, घरी यायला उशीर. कोणतंही लहान मूल यात चेकाळणारच. तेव्हा त्या रात्री केकवर राग न काढता लाइट मंद करा, थोडा वरणभात किंवा दहीभात द्या आणि झोपवा. कोला प्यायला असेल तर मात्र त्यात कॅफिन असतं, त्याने झोप खरंच उडते, लहान मुलांना तो देऊच नका, आणि चहासुद्धा नको.

म्हणजे साखर चालेल का, तर नाही. दात किडतात, खरी भूक मरते, वजन वाढतं, आणि गोडाची चव एकदा बसली की भाजी-भाकरी तोंडात धरून बसतात. भूक मरण्याचा वागण्याशी संबंध मला मोठा वाटतो. अकराला दोन क्रीमची बिस्किटं आणि गोड दूध, मग साडेबाराला जेवण नको, मग चार वाजता पोटात काही नाही म्हणून किरकिर, की परत बिस्कीट. नुसतं दूध-बिस्किटावर राहणाऱ्या मुलांमध्ये लोह कमी पडतं, आणि लोह कमी असलं की मूल चिडचिडं होतं, लक्ष लागत नाही.

सुरुवात अशी करा. आठवडाभर एका वहीत फक्त तीन गोष्टी लिहा: काय खाल्लं आणि किती वाजता, झोप किती झाली, आणि रडारड कधी झाली. बहुतेक घरांत रडारड गोडानंतर नाही, तर झोप आणि जेवण चुकल्यावर दिसते. आणि नसेल तसं, तर डॉक्टरांना दाखवायला तीच वही कामाला येते.

मग मापाचं बघा. दोन वर्षांच्या आत वरून साखर अजिबात नको, गूळही नको, आणि मध तर वर्षाच्या आत मुळीच नको, त्यातल्या बोट्युलिझमच्या जंतूंमुळे बाळाच्या जिवाला धोका असतो. दोन वर्षांनंतर दिवसाला जास्तीत जास्त 25 ग्रॅम, म्हणजे पाच-सहा छोटे चमचे. गूळ, मध, पॅकबंद ज्यूस सगळं यातच मोजायचं, गूळ पौष्टिक म्हणून वेगळा नाही. अख्खं फळ मात्र मोजू नका.

आता दुधात घालायच्या पावडरचा डबा उलटा करा. समजा 100 ग्रॅममागे ॲडेड शुगर 32 ग्रॅम लिहिलीये. दोन मोठे चमचे म्हणजे साधारण 20 ग्रॅम पावडर, त्यात साखर झाली साडेसहा ग्रॅम, वर आपण चमचाभर घालतो ती 5 ग्रॅम. सकाळ-संध्याकाळ मिळून 23 ग्रॅम झाली, दिवसाचा कोटा दुधातच संपला! एप्रिल 2024 मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या गटातून काढायला सांगितलं ते उगीच नाही. घटकांच्या यादीत लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप दिसलं तर तीही साखरच.

दुधातली साखर एकदम बंद केलीत तर मूल दूधच सोडेल. आठवड्याला पाव चमचा कमी करत जा, कळतसुद्धा नाही. शिकरण करायचं तर पिकलेलं केळं घ्या, साखर लागतच नाही. चार वाजताच्या भुकेला थालीपीठ-लोणी, घावन, उकडलेलं अंडं, मेतकूट-तूप-भात, मोडाची उसळ, यातलं काहीतरी तयार ठेवा, कारण भुकेलं मूल आणि हाताशी फक्त बिस्किटाचा पुडा असं झालं की नियम टिकत नाही. रात्री बाटलीत गोड दूध देऊन झोपवणं पहिलं बंद करा, वरचे पुढचे दात त्यानेच किडतात.

आजी-आजोबांशी भांडू नका. "आई, तुम्ही काही देऊच नका" म्हणण्यापेक्षा "आई, खाऊ तुमच्याच हातचा, पण चॉकलेटऐवजी मनुका नाहीतर खोबऱ्याचा तुकडा द्याल का" असं म्हणा. बोरन्हाणात चॉकलेटं कमी आणि बोरं, चुरमुरे, हरभरे जास्त घ्या (दोन-तीन वर्षांच्या पोरांना बोरातली बी काढून द्या, घशात अडकते). आणि सणाला श्रीखंड-पुरी, पुरणपोळी खुशाल खाऊ द्या, तेव्हा चमचे मोजत बसू नका. फक्त "भाजी संपव मग चॉकलेट" हे टाळा, त्याने भाजी शिक्षा होते आणि चॉकलेट बक्षीस.

घरी आणि बालवाडीत दोन्हीकडे महिनोन्‌महिने लक्ष लागत नसेल, झोपेत जोरात घोरत असेल, तर साखरेवर न ढकलता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आणि मूल अचानक खूप पाणी पितंय, सारखी लघवी होतेय, अंथरूण ओलं करायला लागलंय, वजन उतरतंय, असं दिसलं तर त्याच दिवशी जा, तो टाइप 1 डायबेटिस असू शकतो. तो गोड खाल्ल्याने होत नाही, त्यामुळे कोणी काही बोलेल म्हणून दाखवायला उशीर करू नका.