कानाला मशीन आहे आणि घोड्यांच्या लाईनला जायचंय? मग हे वाच

बारावीनंतर घोड्यांचं काम करायचंय म्हटलं की घरचे पहिलं विचारतात, पडलास तर? आणि कानाला मशीन असलं की लगेच दुसरं, मागून घोडा आला तर कळणार कसं? पहिल्याचं टेन्शन घेऊ नको, सगळेच पडतात. दुसरा प्रश्न मात्र खरा आहे.

तबेल्यात घोडा सुटला की कुणीतरी "सुटला रेऽऽ" ओरडतं आणि सगळे भिंतीला चिकटतात. मी एकदा चंदीची (घोड्याच्या दाण्याची) बादली घेऊन मधोमध उभा. वाचलो. म्हणून पहिल्याच दिवशी साईस लोकांना (घोडे सांभाळणाऱ्यांना) सांगून टाक की ओरडू नका, टॉर्च मारा नाहीतर हात वर करा, हात वर म्हणजे आहे तिथं थांबायचं. "जरा कमी ऐकू येतं" असं लाजत सांगशील तर कुणाच्या लक्षात राहत नाही, कुठला कान, किती लांबून ऐकू येतं, तोंड दिसायला लागतं का, सगळं नेमकं सांग. काम करताना घोड्याचं डोकं आणि बाहेरची वाट दोन्ही दिसतील असं उभं राहायचं.

घोड्याला जवळपास चहूबाजूंनी दिसतं, फक्त अगदी मागचं आणि नाकासमोरचं दिसत नाही, म्हणून डाव्या खांद्याकडून जा आणि मागून वळसा घालताना अंगावरचा हात काढू नको. तोंडानं बोलत पण राहा, तुला तुझा आवाज आला नाही तरी त्याला येतो ना. त्याचे कान मागे चपटे झाले की सरळ बाजूला हो. ऐकू येणारे गप्पा मारत खरारा करतात आणि चावा खातात, आपलं लक्ष तसंही चेहऱ्याकडेच असतं.

आता जे लोक कानानं ओळखतात ते तुला डोळ्यानं आणि बोटानं शिकावं लागेल. लंगडणं जुनी माणसं टापांच्या आवाजावरून सांगतात, तू डोकं बघ: दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा डोकं वर उचलतो, चांगला टेकताना खाली घेतो. नाडी जबड्याखाली बोटाला लागते, शांत उभ्या मोठ्या घोड्याची मिनिटाला साधारण 28 ते 44. श्वास बरगडीमागच्या हालचालीवर मोज, 8 ते 16. पोटशूळ झाला तर तो सारखा कुशीकडे वळून बघतो, पाय आपटतो, लोळतो, लीद कमी होते. आतड्याचा आवाज ऐकायचं काम दुसऱ्याला दे, त्यात कमीपणा कसला.

मशीनमध्ये घाम आणि गवताची धूळ जाते, रात्री सुक्या डबीत ठेव. हेल्मेट मशीनवर दाबलं की शिट्टी वाजते, त्यामुळे हेल्मेट मशीन लावूनच घालून बघ, मगच घे.

कागदांचं पटकन सांगतो. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेव. 2016 च्या कायद्यानं 40 टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर सरकारी आणि अनुदानित कॉलेजात 5 टक्के जागा राखीव असतात, सरकारी नोकरीत 4. खासगी तबेल्यात असलं काही नाही, तिथं काम दाखवूनच टिकायचं. व्हेटर्नरी डॉक्टर व्हायचं असेल तर इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं, परळ, शिरवळ, नागपूर वगैरे कॉलेजं आहेत, पण अपंगत्वाच्या अटी फॉर्म भरायच्या आधी वाच. रेसच्या तबेल्यात जाणार असशील तर पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबईचं महालक्ष्मी अशी फिरती असते, राहायची सोय आधी विचार.

रायडिंग शिकताना सर मैदानाच्या मधून ओरडतात, ते तुझ्या कामाचं नाही. थांब, वळ, वेग कमी असे चारपाच हाताचे इशारे घोड्यावर बसायच्या आधीच ठरवा. पुढे कधी ड्रेसाज (घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेणं) किंवा जंपिंगच्या स्पर्धेत उतरलास तर बेल वाजल्यावर ठरावीक सेकंदांत सुरू करावं लागतं, म्हणून एंट्री देतानाच आयोजकांकडे लेखी माग की बेलसोबत झेंडा पण दाखवा.